आधी गळती, मग रंग

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातला काही भाग आवरून येथे दिला आहे.)



कमिटीने नोटीस बोर्डावर विषय लिहिला, 'दातांचं सौंदर्य : खर्च आणि डॉक्टरची निवड', आणि खाली माझं नाव. ते वाचून दोघा-तिघांनी मला जिन्यात गाठलं. "साहेब, तुम्ही बँकेतले. दातातलं तुम्हाला काय कळतंय?" प्रश्न रास्त आहे. मी दातांचा डॉक्टर नाही आणि आज इथे कुणालाही औषध सांगणार नाही. पण बँकेत उभी नोकरी कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. समोरचा माणूस पैसे कशासाठी मागतोय, त्यातून उभं काय राहणार, ते किती वर्षं टिकणार, आणि काम मध्येच थांबलं तर बुडणार कोण, हे विचारायची सवय लागली. दातांच्या खर्चालाही हेच प्रश्न लागू पडतात. वैद्यकीय माहिती मी जाणकारांना विचारून आणि वाचून घेतली आहे. हिशोब तेवढा माझा.

हा विषय का घेतला तेही सांगतो. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याच काही घरांतून माझ्याकडे कागद आले. "काका, एकदा नजर टाका." पूर्वी असे कागद घराच्या कर्जाचे असायचे, नाहीतर पोरांच्या शिक्षणाचे. आता दातांचे येतात. मुलीचं लग्न ठरलंय, पुढच्या सहा दातांचं 'स्माइल डिझायनिंग' करायचंय. रिटायर झालेल्या माणसाला कवळी नको झालीय, पूर्ण तोंडात इम्प्लांट बसवायचेत. आकडा वाचून छातीत धस्स होतं. आणि गंमत अशी, की आकडा ठळक असतो, पण काम नक्की काय करणार हे मात्र एका ओळीत उरकलेलं असतं.

आता दोन वर्षांपूर्वीचं आपलं रंगकाम आठवा. वार्षिक सभेत काय वाद झाला होता! निम्मे सभासद म्हणत होते, दिवाळीच्या आत बिल्डिंग रंगवून टाका, रौप्यमहोत्सव तोंडावर आलाय. इंजिनिअर म्हणाले, थांबा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलंय, डक्टमधला पाइप झिरपतोय, पार्किंगमधल्या एका कॉलमला भेग आहे. त्यावर रंग मारला तर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे निघतील. आणि कोल्हापूरचा पावसाळा म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. आपण ते केलं, गळती काढली, मग तीन कोटेशनं मागवली. पुट्टी किती, प्रायमर कुठला, रंगाचे हात किती, वॉरंटी कशाची, सगळं लिहून घेतलं. भिंतींसाठी जी अक्कल आपण वापरली, तीच तोंडासाठी वापरायची. माझं सगळं सांगणं एवढंच आहे.

आता तोंडातली गळती म्हणजे काय? कीड, हिरड्यांची सूज, दातांवर साचलेला कडक थर, मुळाशी झालेला पू. यातली बरीचशी दुखणी सुरुवातीला दुखतच नाहीत. म्हणून पहिलं काम ऑडिटचं. नीट तपासणी आणि गरज असेल तिथे एक्स-रे. नुसतं तोंडात टॉर्च मारून कुणी सहा कॅपांचा खर्च सांगितला, तर ते ऑडिटशिवाय दिलेलं रंगाचं कोटेशन समजा.

एक उदाहरण देतो. पुढचा एकच दात काळपट पडला, तर आपल्याला वाटतं, रंगाचा प्रश्न आहे, पांढरा करून घेऊ. पण पुष्कळदा लहानपणी खेळताना कधीतरी मार लागलेला असतो, आतली नस मेलेली असते, आणि त्यामुळे रंग बदललेला असतो. तो दात आधी एक्स-रे काढून तपासायला हवा. गरज पडली तर रूट कॅनॉल, आणि त्यानंतर दाताच्या आतूनच ब्लीचिंग करून रंग बराच उजळता येतो. वरून नुसती कॅप घातली, तर आतली गळती तशीच राहते.

हिरड्यांचंही तसंच. ब्रश करताना रक्त येतं, ते आपण अंगावर काढतो. मधुमेह असलेल्यांनी तर हे मुळीच अंगावर काढू नये. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं जड जातं, असं दुहेरी नातं आहे. आपल्याकडे अजून एक समज घट्ट बसलाय, 'क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात.' तसं नसतं. हिरडी आणि हाड आधीच खचलेलं असतं, तो कडक थर दाताला आधार दिल्यासारखा चिकटून बसलेला असतो. थर निघाला की खरी परिस्थिती उघडी पडते. पोपडा काढल्यावर भिंतीतली भेग दिसावी, तसं. भेग पोपडा काढणाऱ्याने पाडलेली नसते.

आणि या साफसफाईची गंमत अशी, की निम्म्या लोकांची सौंदर्याची तक्रार इथेच मिटते. आपल्या भागात चहा किती होतो ते तुम्ही जाणताच. तंबाखू आहे, गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी असली तरी तो मिळतोच. जुन्या बायकांत मशेरीची सवय आहे. या डागांसाठी लोक व्हीनिअरचा भाव विचारायला जातात. आधी स्केलिंग आणि पॉलिशिंग करून बघा, सवय सोडा, मग आरशात बघून ठरवा.

आता रंगाकडे येऊ. बँकेत आम्ही कुठलाही व्यवहार बघताना आधी विचारायचो, हा परत फिरवता येतो का? चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम खटपट करून परत आणता येते. दाताचं वरचं कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. पण ते तयार करणाऱ्या पेशी दात वर येईपर्यंतच असतात. एकदा घासून काढलेलं कवच परत येत नाही. म्हणून सौंदर्याच्या कामांची यादी मी किमतीप्रमाणे न लावता, त्यात दात किती कापावा लागतो, त्याप्रमाणे लावतो.

पहिली पायरी साफसफाई. दात कापायचा प्रश्नच नाही. दुसरी ब्लीचिंग. पेरॉक्साइडच्या जेलने डाग फिकट होतात. काही दिवस दात शिवशिवतात, आणि परिणाम कायमचा नसतो. चहा-तंबाखू चालू असेल तर लवकर उतरतो. हे जेल साधंसुधं नाही. युरोपात ०.१ टक्क्याच्या वरचं ब्लीचिंग थेट ग्राहकाला विकता येत नाही, आणि ६ टक्क्यांपर्यंतचं दंतवैद्याच्या देखरेखीखालीच वापरायचं, असा नियम आहे. ब्लीचिंगने कॅप किंवा जुनं फिलिंग पांढरं होत नाही, तेही लक्षात ठेवा. म्हणजे आधी ब्लीचिंग, मग त्या रंगाला जुळवून कॅप. उलट क्रमाने केलंत, तर कॅप पुन्हा बदलावी लागते.

मध्येच एक सांगतो. लिंबू-मीठ, लिंबू-सोडा असले घरगुती प्रयोग करू नका. लिंबाच्या आम्लाने कवचच झिजतं. कवच झिजलं की खालचा पिवळसर थर दिसायला लागतो, म्हणजे पांढरं करता करता दात आणखी पिवळा. आणि चारकोल पेस्टला भुलू नका. आपण पोरं होतो तेव्हा राखुंडीने दात घासत होतो, तीच ही राखुंडी, आता ट्यूबमधून येते आणि भाव बघून घाम फुटतो. खरखरीत काहीही रोज घासलं की दात झिजणारच.

तिसरी पायरी बाँडिंग. दातांच्या मधली फट, तुटलेला कोपरा यावर दाताच्या रंगाचं मटेरिअल लावून आकार देतात. कापाकापी नाहीच किंवा अगदी कमी, एका-दोन बैठकांत काम होतं. काही वर्षांनी त्याला डाग पडतात, टवका उडतो, पण ते दुरुस्त करता येतं. चौथी पायरी तारा किंवा अलाइनर. दात वेडेवाकडे असतील तर न कापता सरळ करायचा हाच रस्ता आहे. वेळ लागतो, साधारण दीड-दोन वर्षं. हिरड्या आणि हाड चांगलं असेल तर मोठ्या वयातही तारा लावता येतात. अलाइनर दिवसाचे २० ते २२ तास तोंडात ठेवावे लागतात. पाकिटात ठेवून दात सरळ होत नाहीत. आणि तारा निघाल्यावर रिटेनर वापरला नाही, तर दात पुन्हा जुन्या जागी सरकतात. केलेला सगळा खर्च पाण्यात.

पाचवी पायरी व्हीनिअर. पुढून थोडं कवच घासून त्यावर पोर्सेलीनची पातळ चकती चिकटवायची. सहावी कॅप, तिथे दात चारी बाजूंनी घासतात. पाचवी आणि सहावी पायरी चढलात की खाली उतरता येत नाही. त्या दातावर जन्मभर काहीतरी घालावंच लागतं.

माझ्या नात्यातल्या एका मुलीचं सांगतो. वय चोवीस, पुढचे दात थोडे वाकडे, कीड एकही नाही. लग्न दोन महिन्यांवर. तारांना वेळ लागणार म्हणून एका ठिकाणी सांगितलं, सहा दात घासून कॅप घालू, आठवड्यात हिरॉइनसारखं हसाल. झालं तसंच. फोटो सुंदर आले. तीन वर्षांच्या आत त्यातल्या दोन दातांची रूट कॅनॉल करावी लागली, एका ठिकाणी हिरडी मागे सरून काळी रेघ दिसायला लागली. ती पोरगी आता म्हणते, "काका, दात वाकडे होते, पण माझे होते." हे वाक्य मी विसरलेलो नाही.

पण म्हणून सौंदर्यासाठी दातांवर खर्च करणं म्हणजे थेरं, असं मी म्हणत नाही. आपल्या पिढीला तसं म्हणायची सवय आहे. हसताना तोंडावर पदर किंवा हात घेणारी मुलगी तुम्ही पाहिली असेल. इंटरव्ह्यूत ओठ मिटून बोलणारा पोरगा पाहिला असेल. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोय नसेल तर दीडपर्यंत चालतं, अशी मर्यादा आहे. त्याहून जास्त पाणी लहानपणी प्यालेल्या मुलांच्या दातांवर कायमचे पांढरे-तपकिरी चट्टे पडतात. त्यात त्या मुलांचा काय दोष? त्यांनी दात चांगले करून घेतले तर तो खर्च रास्तच आहे. माझं म्हणणं इतकंच, की पहिल्या पायरीपासून वर चढत जा. बऱ्याच जणांचं काम तिसऱ्या-चौथ्या पायरीवर भागतं.

आता हिशोब. डॉक्टरांकडे आपण विचारतो, "किती होईल?" बँकवाला विचारतो, "किती वर्षांसाठी आणि पुढे किती?" समजा, चोवीस वर्षांच्या मुलीने सहा व्हीनिअर लावले. उदाहरणापुरता प्रत्येकी १० हजार धरू, झाले ६० हजार. चांगली काळजी घेतली तर ते १० ते १५ वर्षं टिकतात. आपण १२ धरू. म्हणजे वयाच्या ३६, ४८ आणि ६० व्या वर्षी पुन्हा तेच काम. वयाच्या बहात्तरीपर्यंत चार वेळा ६०, म्हणजे २ लाख ४० हजार, आणि तेही आजच्या भावाने, महागाई न धरता. मग कोटेशनवरचा खरा आकडा ६० हजार की २ लाख ४० हजार? सोसायटीत आपण सिंकिंग फंड काढतो, कारण लिफ्ट कधीतरी बदलावी लागणार हे ठाऊक असतं. कॅप, व्हीनिअर, इम्प्लांट यांनाही सिंकिंग फंड लागतो. तो काढायची तयारी असेल तर जरूर करा.

पुढचा मुद्दा हप्त्यांचा. हा मात्र माझ्या धंद्यातला. 'बिनव्याजी हप्ते' अशी पाटी बघितली की माझे कान टवकारतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते. व्याज कुठेतरी लपलेलं असतं. बघा, समजा काम ६० हजारांचं, हप्ता ५ हजार, बारा महिने. पण रोख दिले तर डॉक्टर ५५ हजारांत करायला तयार आहेत. म्हणजे तुम्ही ५५ हजारांचं कर्ज घेतलंत आणि ६० हजार फेडताय. गणित मांडलं तर हा दर वर्षाला १६ टक्क्यांच्या वर जातो. प्रोसेसिंग फी वेगळीच. म्हणून हप्त्यांवर जाण्याआधी एकच प्रश्न विचारा, "रोख दिले तर किती?" आणि कर्ज घेणारच असाल तर 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहावाच लागतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी. या हप्त्यांत कर्ज देणारी कंपनी वेगळी असते आणि काम करणारा दवाखाना वेगळा. पैसे दवाखान्याला आधीच पोचतात. काम अर्धवट राहिलं तरी कंपनी तुमच्याकडे हप्ता मागणारच. हे नुसतं माझं भय नाही. अमेरिकेत 'स्माइल डायरेक्ट क्लब' नावाची मोठी कंपनी घरपोच अलाइनर द्यायची. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये गाशा गुंडाळला. लोकांचे दात अर्धवट सरकलेले, पुढे बघणारं कुणी नाही, आणि हप्त्यांवर घेतलेल्यांना सांगण्यात आलं, की हप्ते मात्र चालू ठेवा. आपण कॉन्ट्रॅक्टरला गच्चीचं काम संपल्याशिवाय शेवटचं बिल देत नाही. दातांचेही पैसे जसं काम होईल तसे द्या.

मेडिक्लेमवर विसंबू नका. बहुतेक पॉलिसींत दातांचं नेहमीचं काम बसत नाही आणि सौंदर्याचं तर नाहीच. अपघातात दात गेले असतील तर गोष्ट वेगळी. उपचारांवर जीएसटी नसतो, पण निव्वळ सौंदर्याच्या कामावर लागू शकतो. सांगितलेला आकडा करासकट आहे का, हे आधी विचारून घ्या.

आता डॉक्टर कसा निवडायचा? आपण गुजरीत सोनं घ्यायला गेलो की हॉलमार्क बघतो, सहा अक्षरांचा नंबर बघतो. आणि दात कुणाच्या हातात द्यायचा हे मात्र पाहुण्यांनी सांगितलं म्हणून ठरवतो. दंतवैद्यकाचा कायदा १९४८ सालचा आहे, आणि २०२३ मध्ये संसदेने त्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. दोन्हींचा मथितार्थ एकच, नोंदणी नसलेल्याने दातांना हात लावायचा नाही. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही. चांगला डॉक्टर आनंदाने दाखवतो. बीडीएस हा इंटर्नशिप धरून पाच वर्षांचा अभ्यासक्रम, एमडीएस त्यापुढे तीन वर्षांचा. साध्या कामाला अनुभवी बीडीएस उत्तम. पण तारांसाठी ऑर्थोडॉन्टिस्ट, बऱ्याच कॅपा किंवा इम्प्लांटसाठी प्रोस्थोडॉन्टिस्ट, हिरड्यांसाठी पेरिओडॉन्टिस्ट असे वेगवेगळे तज्ज्ञ असतात. डॉक्टर एमडीएस आहेत एवढ्यावर थांबू नका, कशातले एमडीएस ते विचारा.

ओळखीच्यांनी नाव सुचवलं तर ते जरूर ऐका, पण एक प्रश्न विचारा, "तुमचं काम होऊन किती वर्षं झाली?" कॅप पहिल्या महिन्यात सगळ्यांचीच चांगली दिसते. पाच वर्षं झालेल्या माणसाचं मत पंचवीस नव्या माणसांच्या मतापेक्षा मोलाचं. जाहिरातीवर तर जाऊच नका. पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करणं दंतवैद्यांच्या आचारसंहितेत बसत नाही. 'आज पैसे भरले तर निम्मी सूट' असं कुणी म्हणालं, तर नमस्कार करून घरी या. निरोगी दात आजच्या आज घासला नाही म्हणून काही बिघडत नाही.

दवाखान्यात गेल्यावर डोळे उघडे ठेवा. हत्यारं सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढतात का? हातमोजे पेशंटगणिक बदलतात का? आणि मग शांतपणे हे प्रश्न विचारा. काहीच केलं नाही तर काय होईल? याहून कमी कापाकापीचा पर्याय आहे का? निरोगी दात किती घासावा लागेल? हे काम साधारण किती वर्षं टिकेल आणि पुन्हा करताना काय लागेल? बिघडलं तर कोण आणि किती पैशात दुरुस्त करणार? वॉरंटी कार्ड देतात, ते बहुधा कॅपच्या मटेरिअलचं असतं, खालच्या दाताचं नसतं, हेही विचारून घ्या. डॉक्टरांना घाई असते हे खरं, पण ज्यांना या प्रश्नांचा राग येतो त्यांच्याकडे सहा दात देऊ नयेत. आणि जे म्हणतात, "तुम्हाला याची गरज नाही, साफ करून घ्या आणि जा," त्यांचा नंबर डायरीत लिहून ठेवा.

मोठ्या कामाला दुसरं मत घ्याच. डॉक्टरांचा अपमान होईल ही भीती सोडा. आपल्या जिल्ह्यात वारणानगरजवळ नवे पारगावला तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज आहे. सांगलीकडेही डेंटल कॉलेजं आहेत. शिकवणाऱ्या दवाखान्यात विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, खेपा पडतात, पण खर्च साधारण कमी येतो आणि सगळ्या शाखांचे तज्ज्ञ एका छताखाली भेटतात. आपल्यासारख्या रिटायर माणसांकडे वेळच तर आहे!

एक्स-रे, बिलं, पावत्या, लिहून दिलेला प्लॅन, सगळं एका फाइलीत ठेवा. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं, की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. वेळ आलीच तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पण कागद नसेल तर वकीलही काय करणार?

शेवटी दोन शब्द माझ्या वयाच्या मंडळींसाठी. इम्प्लांट ही चांगली सोय आहे. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या माणसाला टायटॅनिअमचे इम्प्लांट बसवले. त्या गृहस्थांनी ते सुमारे ४० वर्षं वापरले. पण हाडात ते पक्के व्हायला तीन ते सहा महिने लागतात, आणि हिरड्या न सांभाळल्यास तेही निकामी होतात. पूर्ण तोंडात इम्प्लांट हाच एक रस्ता आहे असं नाही. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी मत दिलं, की खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटना अडकवलेली कवळी ही पहिली निवड असावी. साध्या कवळीपेक्षा ती घट्ट बसते, आणि पूर्ण तोंडाच्या इम्प्लांटपेक्षा खर्च पुष्कळच कमी. हा मधला मार्ग तुम्हाला कुणी आपणहून सांगितला नाही, तर तुम्ही विचारा. आणि कुठलंही काम करण्याआधी आपली औषधं डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी असेल, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला घ्यायची गोळी असेल, तर ते सांगायलाच हवं. कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

लग्नघरांना एक विनंती. मुलीचं, मुलाचं लग्न ठरलं की हॉल आणि केटरर आधी बुक करतो ना? त्याच आठवड्यात दातांची तपासणी करून घ्या. साफसफाई महिनाभर आधी, ब्लीचिंग करायचंच असेल तर दोन-तीन आठवडे आधी. तारांना वेळ उरला नसेल तर लग्नानंतर लावा. आता तारा लावलेल्या सुना-जावयांना कुणी नावं ठेवत नाही. ठेवलीच, तर ते स्थळ किती चांगलं होतं हे वेळीच कळलं म्हणायचं. पण लग्नाच्या फोटोसाठी कुणा पोरीचे निरोगी दात घासायला बसवू नका. फोटो अल्बममध्ये राहतो, दात तिला पन्नास वर्षं वापरायचे असतात.

आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. रंग चांगला दिसतोय, कारण खाली गळती नाही. दातांचंही तसंच करू. सकाळ-रात्र ब्रश, वर्षातून एकदा तपासणी, आणि सही करण्याआधी कोटेशन नीट वाचायचं. कुणाला वाचून हवं असेल तर संध्याकाळी पाच ते सहा मी खाली बाकावर असतो. फी नाही, चहा चालेल, बिनसाखरेचा.